किंक्रांतीच्या रात्री तपासलेली हंडी

अजिनाथला त्या संध्याकाळी एवढंच काम होतं. चौदा किलोमीटरवरच्या एका गावात जायचं, देवळातली दिव्याची काचेची हंडी परत एकदा बघायची आणि ती जुनी की नवी, हे फोन करून कळवायचं. तास-दीड तासाचं काम. घरी सांगून निघाला होता, भाकरी झाकून ठेवा, आल्यावर जेवतो.

विहिरीवरच्या मोटारीची लाईट यायला अजून वेळ आहे, तोवर ऐका. हनुमंता, तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यात उजेड येतो. आणि हसू नकोस. मागच्या खेपेला मी सांगितलेल्या गोष्टीत शेवटी मांजर निघालं, कबूल आहे. ह्यात मांजर नाही. ह्यातला अजिनाथ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. तिसगावात माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागूनच त्याचं दुकान. आमच्या मधे एकच भिंत. त्यानं मला हे ज्या रात्री घडलं त्याच रात्री सांगितलं, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः तिथं उभा राहून पाहिला.

अजिनाथचा धंदा जुन्या काचेचा. हंड्या, झुंबरांचे लोलक, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या. घरोघरी फिरून घ्यायचा आणि पुण्याकडच्या हॉटेलवाल्यांना, शौकिनांना द्यायचा. ह्या धंद्यात फसवणूक फार. नवी काच धुरावर धरून जुनी म्हणून विकतात. म्हणून त्यानं एक बॅटरी घेतली होती, तोंडाला काळी काच बसवलेली. लोक तिला जांभळी बॅटरी म्हणायचे. तिचा उजेड तसा डोळ्यांना दिसत नाही, पण अंधारात ज्या वस्तूवर पडेल ती वस्तू, तिच्यात तसं काही असेल तर, आपली आपण उजळते. पूर्वी काच पांढरी व्हावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. तशी काच त्या बॅटरीखाली मंद हिरवी दिसते, शेवाळलेल्या पाण्यासारखी. आजची काच तशी दिसत नाही. फुटून चिकटवलेली वस्तू असेल तर डिंकाची रेघ दोऱ्यासारखी उठून दिसते.

आणखी एक गंमत होती. आपण कपडे धुतो त्या पावडरीत काहीतरी असतं, त्यानं पावडरीत धुतलेलं पांढरं कापड त्या उजेडात निळं पेटल्यासारखं दिसतं. माणसाचे दात दिसतात, नखं दिसतात. आम्ही दुकानाचं शटर ओढून एकमेकांचे दात बघायचो.

तर संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात चार माणसं एक हंडी टॉवेलात गुंडाळून त्याच्याकडे घेऊन आली. गावाचं नाव मी सांगत नाही. पाथर्डीच्या अंगाला आहे एवढं पुरे. त्यांच्यात देवळाच्या मंडळाचा मुख्य छगनशेठ होता. देवळाला रंग दिला, नवे एलईडी दिवे लावले, आणि कोणाच्या तरी मनात आलं की ही हंडी पहिल्यासारखी दिसत नाही. बदलली असणार.

अजिनाथच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं. त्यानं पडदा ओढला, बॅटरी धरली. हंडी वरपासून खालपर्यंत निळसर पांढरी दिसली. हिरवं कुठं नाव नाही.

"ही जुनी न्हाई," तो म्हणाला.

मंडळी चहा पिऊन गेली. कोणावर आळ आहे हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ह्यानंही विचारलं नाही.

आळ होता पुंजारामवर. देवळात सांजेला दिवा लावणं, झाडणं, हंडी उतरवून धुणं, हे सगळं तोच करायचा. त्याच्या बापानं केलं, मग ह्यानं. देवळाची चावी त्याच्या कडदोऱ्याला असायची. भोगीच्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर त्याच्याकडून ती मागून घेतली. कडदोऱ्याची गाठ सुटेना. छगनशेठनं कोणाला तरी ब्लेड आणायला लावलं आणि कडदोरा कापून चावी काढली. पुंजाराम एवढंच म्हणाला, "मी हंडी बदलली न्हाई." दोनदा म्हणाला. मग घरी गेला. संक्रांतीच्या पहाटे त्याची लेक उठवायला गेली तर अर्धं अंग गेलेलं, वाचा बंद.

ह्यातलं अजिनाथला काहीच माहीत नव्हतं. तो फोन आला तोपर्यंत.

तारीख सांगतो. पंधरा जानेवारी दोन हजार पंचवीस, बुधवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. अमावस्या वगैरे काही नव्हती, पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. दिवेलागणीला फोन वाजला.

"अजिनाथकाका का? मी पुंजारामची अश्विनी. नगरहून बोलते, दवाखान्यातून. तुमी वळखत न्हाई मला."

"कोन पुंजाराम?"

"तुमी हंडी नवी म्हनला ना... ती आमच्या बाबांच्या हाताखालची."

मग तिनं सगळं सांगितलं. पारावरचं, कडदोऱ्याचं, पहाटेचं. भाऊ ऊसतोडणीला कोपरगावकडं, त्याला निघायला उद्या उजाडणार. ही एकटीच बापाजवळ.

अजिनाथ म्हणाला, "ताई, मी काच बघितली. मानूस न्हाई बघितला."

"मंग काच तरी परत बघा, काका."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डॉक्टर म्हनत्यात रात्र अवघड हाय. पन कानावर बोलनं जात असंल म्हनत्यात. मला नुसतं एवढंच सांगायचंय त्यांच्या कानात. हंडी आपलीच हाय, बाबा. बास. मंग काय व्हायचं ते हुंद्या."

"मंग सांग ना. मी म्हनलो म्हनून सांग."

"बघून सांगा. न बघता सांगितलेलं मी त्यांच्या कानात न्हाई घालनार. जन्मात खोटं बोलले न्हाईत, अन् जाताना मी त्यांना खोटं सांगू व्हय?"

अजिनाथला तेव्हा एक प्रश्न सुचला. पहिल्या वेळी विचारायला हवा होता तो.

"ताई, माझ्याकडं आनायच्या आधी हंडी धुतली कुनी?"

"मीच. बाबांना ताप हुता. ते राखंनं धुवायचे, पावडर लावू द्यायचे न्हाईत. म्हटलं तिसगावला दाखवायला न्यायची, जरा चकचकीत दिसावी. रातभर पावडरीच्या पान्यात ठिवली." मग तिनं विचारलं, "का हो काका?"

अजिनाथनं मला सांगितलं, भिमाजी, समोर चहा होता, त्यावर साय धरेपर्यंत मी तसाच बसलो. काचेवर पावडरीचा थर होता. तो थर निळा दिसला. खालची काच मी पाहिलीच नाही. आपण आधी साध्या पाण्यानं धुवून, कोरडी करून मगच बॅटरी लावतो. त्या दिवशी घाई होती.

"काय न्हाई," तो तिला म्हणाला. "निघतोच मी."

पावडरीचं त्यानं तिला सांगितलं नाही. आजतागायत नाही. तुम्हीही कुठं बोलू नका.

मोटारसायकल काढली. थंडी कडक. त्या दिवसांत आपल्याकडची गावं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं कारखान्यांवर. रस्त्यानं दिवा दिसला तर दिसला. फाट्यावर वळताना फोन वाजला.

"पोचला का काका?"

"निम्म्यात हाय."

"लवकर बघा हो. श्वास लई लांब लांब घेत्यात. मी हात धरून बसलीय. काय सांगू त्यांना? येतोय म्हनून सांगू?"

"सांग. अजिनाथ निघालाय म्हनून सांग."

हे तो बोलून गेला. पुढं कितीदा मला म्हणाला, ते मी बोलायला नको होतं.

गावात तो थेट छगनशेठच्या घरी गेला. छगनशेठ अंगणात खाट टाकून बसला होता. तिळगुळाचा डबा शेजारी.

"या, तिसगावचे मास्तर! आज कुनीकडं?"

"हंडी परत बघायचीय."

"आता काय ऱ्हायलं बघायचं? मागं तुमीच म्हनला नवी. आता तुमीच म्हननार जुनी. तुमची बॅटरी हाय का पुढारी?"

"शेठ, माझी चूक असू शकते. चावी द्या."

"आज किंक्रांत, करीचा दिवस हाय. आजच्या दिवशी कुनी नवं काम काढतं व्हय? उद्या बघू."

"पुंजाराम उद्यापर्यंत न्हाई ऱ्हानार."

छगनशेठनं तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावलं. मग खिशातून चावी काढून दिली. तिला कापलेल्या कडदोऱ्याचा काळा तुकडा तसाच होता.

"व्हा पुढं. हंडी गाभाऱ्याशेजारच्या खोलीत हाय. धरू लागायला मानूस लावून देतो, मी जेवून येतो."

देऊळ गावाबाहेर, माळाच्या चढावर. आसपास वस्ती नाही. अजिनाथनं कुलूप काढलं, आतली खोली उघडली, बल्ब लावला. खोली लहान. एक खिडकी, सतरंज्यांची चवड, समया, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये गव्हाच्या भुशावर ठेवलेली हंडी. फोन बघितला. आत रेंज नव्हती. बाहेर येऊन उभं राहण्यापेक्षा लवकर उरकावं असं त्यानं ठरवलं.

खिडकीतून चांदणं येत होतं म्हणून तिच्यावर सतरंजी टांगली. बल्ब घालवला. जांभळी बॅटरी लावली.

हंडी निळी. तीच निळाई, धुक्यासारखी, सगळीकडं सारखी. त्यानं बोट ओलं करून एका जागी घासलं आणि पुसलं. तेवढ्या जागी निळं गेलं. खाली काय आहे ते एवढ्याशा जागेत कळेना. धुवायलाच हवी होती. त्यानं बल्ब लावला.

दारात माणूस उभा होता.

म्हातारा. पांढरं धोतर नेसलेला, वरून पांढरं कापड गळ्यापर्यंत लपेटून घेतलेलं. थंडीच तशी होती. चेहरा दाराच्या सावलीत.

"छगनशेठनं पाठवलं व्हय?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कळलं नाही.

"पानी लागंल, बाबा. साधं. कळशीभर."

म्हातारा गेला आणि कळशी घेऊन आला. ती जमिनीवर ठेवायला वाकला तेव्हा अजिनाथला वास आला. नव्या कापडाचा. दुकानात ठाण उलगडल्यावर येतो ना, खळीचा, तसा. त्याला वाटलं, संक्रांतीला लेकीनं धोतर घेतलं असेल.

अजिनाथनं हंडी धुतली. वरून धुतली, आत पाणी घालून खळखळवली, ओतलं. पुन्हा. पुन्हा. पाणी इतकं गार होतं की बोटं वाकेनात. आतलं पाणी निथळायला हंडी उलटी धरून बसला. मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं कोरडी केली. एवढ्या वेळात म्हातारा एक शब्द बोलला नाही. भिंतीशी उभा होता, आणि अजिनाथच्या हातांकडं बघत होता. हंडी कुठं टेकेल, कुठं घासेल, तिकडं त्याची नजर.

अजिनाथ बोलत होता. माणूस एकटा पडला की बोलतो तसा. "पोरगी तिकडं फोन धरून बसलीय. मी तिला कळवीपर्यंत म्हातारा तग धरंल ना, बाबा? तुमी वळखता का पुंजारामला?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. शब्द एका बाजूनं आला, ओढल्यासारखा.

"बघा."

"बघतो. जरा धरता का? दोन्ही हातांनी, बुडाखाली. मला चहूकडनं फिरता आलं पायजे."

म्हाताऱ्यानं कापडातून हात काढले आणि हंडी घेतली. धरण्याची सवय होती त्याला. अजिनाथला बरं वाटलं. त्यानं दार लावून आतून कडी घातली, उजेडाची फट राहू नये म्हणून. बल्ब घालवला.

काळोख.

बॅटरी लावली.

हंडी हिरवी होती.

मंद. शेवाळी. बुडाशी गडद, कडेला फिकी. एवढी सुंदर जुनी काच त्याच्या हातात वर्षानुवर्षांत आली नव्हती. अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. कळलं ना, का आलं ते? पोरीला सांगता येणार होतं. तो हंडीभोवती फिरला. डावीकडून पाहिलं. मागून पाहिलं. सगळी हिरवी. एक ठिपकासुद्धा खोटा नाही.

त्याच्या स्वतःच्या सदऱ्याची बाही मधे आली. ती निळी पेटली होती. पावडरीत धुतलेली.

मग त्याच्या लक्षात आलं.

हंडी दिसत होती. छातीच्या उंचीवर. अधांतरी.

तिच्यामागं पांढरं धोतर असायला हवं होतं. पांढरं कापड. एवढ्या जवळून ते निळं दिसायलाच हवं. दिसत नव्हतं. काळं होतं सगळं. ज्या कापडाला कधी पाणी लागलं नाही, ते तसं राहतं. कोरं कापड. मांजरपाट.

असं कापड अंगावर कोण घेतं?

त्यानं बॅटरी खाली केली. बुडाखाली हात होते. असायला हवे होते. दहा बोटांची नखं दिसायला हवी होती. माणसाची नखं दिसतात. त्याची स्वतःची दिसत होती, बॅटरीवर.

तिथं एकही नव्हतं.

बॅटरी वर करायची त्याला हिंमत झाली नाही.

"खरी?"

आवाज एका बाजूनं. ओढल्यासारखा.

दार मागं होतं. चार पावलं. कडी काढायची आणि पळायचं. पण हंडी... हंडी त्या हातांत होती. आपण पळालो आणि ती पडली तर? त्या पोरीजवळ सांगायला दुसरं काय होतं? गावाला दाखवायला काय होतं? एवढी एक काच.

"खरी?"

आवाज जवळ आला. हंडी हलली नव्हती. आवाज मात्र जवळ आला.

अजिनाथनं बोलायचा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली...

हंडी थरथरायला लागली. हिरवा उजेड हलायला लागला. आधी हळू. मग जोरात. कोणाचे तरी हात दमले होते. खूप वेळ धरून दमले होते.

"...खरी?"

ह्या वेळी तो प्रश्न नव्हता, पोरांनो. भीक होती.

अजिनाथनं बॅटरी टाकून दिली आणि दोन्ही हात पुढं केले. हंडीच्या खाली घातले. तिथं काय लागलं ते त्यानं मला सांगितलं नाही. मी विचारलं. तो म्हणाला, नको.

"खरी हाय," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडलाच. "जुनीच हाय. हीच हाय. तुमी काय केलं न्हाई. माझं चुकलं... तुमी काय केलं न्हाई!"

हंडीची थरथर थांबली.

मग कोणीतरी श्वास सोडला. लांब. लांब. संपेचना असा.

आणि हंडीचं सगळं वजन अजिनाथच्या हातांवर आलं.

अंधारात, हंडी छातीशी धरून, किती वेळ तो तसा उभा होता ते त्यालाही सांगता येत नाही. बॅटरी कोपऱ्याकडं तोंड करून जमिनीवर पडलेली होती, तिच्या उजेडात काही दिसत नव्हतं. पायानं चाचपत त्यानं क्रेट शोधलं, हंडी भुशावर ठेवली, भिंतीवरून हात फिरवत बटण दाबलं.

खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून होती तशी.

तेवढ्यात दारावर थाप पडली. अजिनाथ किंचाळला.

"अहो मी छगन! उघडा!"

त्यानं कडी काढली. छगनशेठ एकटाच होता, कानाला मफलर, हातात काठी.

"शेठ, तुमचा मानूस..."

"कुठला मानूस? दोन घरं हिंडलो, दोन्हीला कुलूप. सगळी तोडनीला गेल्यात. म्हनून मीच आलो." मग त्याचा आवाज उतरला. "तुमचा फोन लागंना म्हनून त्या पोरीनं मला केला. पुंजाराम गेला. तुमी चावी घिऊन इकडं निघाला, त्याच वक्ताला."

अजिनाथ उंबऱ्यावर बसला. मग उठून बाहेर माळावर आला. रेंज आली तसे तिचे फोन येऊन गेल्याचे मेसेज एकामागून एक वाजत राहिले. त्यानं नंबर लावला.

"ताई... हंडी जुनीच हाय. बघून सांगतोय. धुवून, चहूकडनं बघून."

पलीकडं नुसता दवाखान्याचा आवाज. कोणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं.

"आता कुनाच्या कानात सांगू, काका?"

अजिनाथला सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण बापाच्या मढ्याशी बसलेल्या पोरीला असलं काय आणि कसं सांगायचं? तो एवढंच म्हणाला, "त्यांना कळलं असंल, ताई." तिला वाटलं, समजूत घालतोय. सगळेच तसं म्हणतात. तिनं फोन ठेवला.

त्या रात्री तो घरी न जाता माझ्याकडं आला. मी दार उघडलं तर दोन्ही हात काखेत दाबून उभा. चुलीपाशी बसवलं. हात काही केल्या गरम होईनात. सकाळपर्यंत मी त्याच्यापाशी बसलो, आणि त्यानं हे सगळं मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच. मी सरळ सांगतो, मला तेव्हा खरं वाटलं नाही. मनाला लागलेला माणूस, थंडी, अंधार. असं होतं माणसाचं.

तेराव्याला तो मला बरोबर घेऊन गेला. पुंजारामच्या भावकीनं मंडळाला सांगून ठेवलं होतं, हंडी सगळ्यांसमोर बघायची, मगच जेवणं. जेवणावळ देवळासमोर होती. पन्नासेक माणसं सभामंडपात जमली. अश्विनी बायकांत खांबाला टेकून बसली होती. सडपातळ पोरगी, पंचविशीची. तेरा दिवसांत ती रडली नाही, असं बायका कुजबुजत होत्या.

अजिनाथनं उभं राहून सांगितलं, "मागं मी चुकलो. काच न धुता बघितली. चूक माझी एकट्याची हाय." पावडर कोणी लावली, त्याचं नाव काढलं नाही. दारं लावली, दिवे घालवले. त्यानं हंडी उजव्या हातावर तोलली आणि डाव्या हातानं बॅटरी लावली.

हंडी हिरवी झाली. सगळ्या मंडपात "अगं बाई" झालं. एक म्हातारी म्हणाली, "हीच. माझ्या लग्नात हीच व्हती." छगनशेठ माझ्या शेजारी होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

अजिनाथ हंडी हळूहळू फिरवत होता, सगळ्या बाजूच्या लोकांना दिसावी म्हणून. आणि फिरवता फिरवता थांबला.

मी पुढच्या रांगेत होतो. मी पाहिलं.

हिरव्या उजेडात एका जागी काच उजळत नव्हती. तिथं काळं होतं. पंजा होता तो. पाच बोटं, फाकलेली, तळवा दाबून धरल्यासारखा. मोठ्या माणसाचा हात.

अजिनाथनं वरून फडक्यानं पुसलं. गेला नाही. तोंडातून आत बघितलं. पंजा आतल्या अंगाला होता. त्या हंडीचं तोंड दोन बोटं रुंद. दिव्याची छोटी पेली तारेनं आत सोडावी लागते. लहान मुलाचा हातसुद्धा तिच्यात मनगटापर्यंत जात नाही. मी स्वतः नंतर घालून पाहिला, माझी बोटं अडली. पाण्यानं धुतली, राखेनं धुतली, स्पिरिट घालून खळखळवली. पंजा तसाच. आणि दिवा लावला की काहीच नाही. स्वच्छ काच. दिवसा कितीही निरखा, नुसती काच.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मंडपात कोणी हलत नव्हतं. मग बायकांतून अश्विनी उठली. माणसांमधून वाट काढत पुढं आली. अजिनाथच्या हातातली हंडी तिनं घेतली नाही. नुसता आपला हात उचलला आणि बाहेरून त्या पंजावर ठेवला. बोटावर बोट. तिचा हात जरासा लहान पडत होता.

आणि तेराव्या दिवशी ती पोर रडली.

अजिनाथचा अंगठा बटणावर गेला. मी त्याच्या एवढा जवळ होतो की मला ते दिसलं.

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली. "बंद करू नका."

बाहेर पानं मांडलेली होती. स्वयंपाक निवत होता. बॅटरीचं चार्जिंग संपून ती आपली आपण विझेपर्यंत त्या मंडपातून एकही माणूस उठला नाही.